काचेवरचं नाव

संक्रांत पंधरा दिवसांवर आली, की राजापेठेतल्या आमच्या गल्लीत बायकांची एकच चर्चा सुरू होते. यंदा वाण काय लुटायचं? कुणी प्लॅस्टिकच्या डब्या आणते, कुणी स्टीलच्या वाट्या, कुणी गाळण्या. रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या घरी अशा पंधरा-वीस वस्तू जमतात. मार्च उजाडला की त्यातली कोणती कुणाकडून आली, हे आठवतही नाही. माझ्या फडताळात एकसारख्या अकरा गाळण्या आहेत, यावरून काय ते समजा!

म्हणून मागच्या एका संक्रांतीला ठरवलं, वाण साधंच द्यायचं, पण जिला द्यायचं तिचं नाव त्यावर असलं पाहिजे. साधा पाणी प्यायचा काचेचा ग्लास आणि त्यावर दुधी रंगात उमटलेलं नाव. दुकानात असा ग्लास पाहिला की वाटतं, हे काम मोठ्या कारखान्यातच होत असेल. तसं काही नाही. थोडी काळजी घेतली तर ते घरच्या अंगणात होतं. मात्र ती ‘थोडी काळजी’ म्हणजे काय, हे मी जरा महागात शिकले. तेही सांगणार आहे. अर्धवट वाचून कुणी कामाला लागू नका.

नाव टाकायची आपली जुनी रीत

भांड्यावर नाव टाकणं आपल्याला नवं नाही. भांड्यांच्या दुकानात ग्लास, ताटं, गंज निवडून झाले, की काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘‘नाव काय टाकू?’’ मग ती पेनासारखी मशीन किर्रर्र करत स्टीलवर फिरते. त्याच्याही आधी पितळेच्या भांड्यांवर ठोके मारून अक्षरं उठवत. आमच्या घरी सासूबाईंच्या लग्नातले दोन गुंड आहेत. त्यांच्या गळ्याशी त्यांच्या मामांचं नाव, तिथी आणि ‘यांजकडून’ अशी अक्षरं आहेत. घासून घासून पार झिजली, पण बोट फिरवलं की कळतात.

या नावांचा उपयोग नुसता हौसेचा नव्हता. पंगतीला गल्लीभरातून भांडी गोळा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी नाव पाहूनच ती घरोघरी परत जायची. घराच्या वाटण्या झाल्या तर कोणता गुंड कुणाच्या माहेरचा, हे त्या ठोक्यांवरूनच ठरायचं. लग्नात बाईला मिळालेल्या वस्तू म्हणजे तिचं स्त्रीधन. त्यावर हक्क तिचा एकटीचा, सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी मालकी तिचीच, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात दिला. आपल्या आज्यांना कायद्याची कलमं ठाऊक नव्हती, पण भांड्यावर नाव हवं, हे पक्कं ठाऊक होतं.

काचेचं भांडं मात्र आपल्याकडे उशिरा आलं. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काम उभं केलं. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीहून ओगले बंधूंचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोहोचला. वीज नव्हती तेव्हा त्या कंदिलाची काच राखेने पुसणं हे घरातल्या मुलींचं संध्याकाळचं काम असायचं. काच फुटली की बोलणी ठरलेली. त्यामुळे काच म्हणजे जपायची, पाहुण्यांसाठी ठेवायची वस्तू, हे मनात बसलं ते बसलंच.

काचेवर अक्षर उमटतं कसं?

काच मुख्यतः वाळूपासून, म्हणजे सिलिकापासून बनते. लिंबू, व्हिनेगर, इतकंच काय, शाळेच्या प्रयोगशाळेतलं गंधकाचं आम्लसुद्धा काचेचं काही बिघडवत नाही. म्हणून तर ते काचेच्या बाटलीत ठेवतात. काचेला खाणारा एकच प्रकार घरगुती कामात भेटतो, तो म्हणजे फ्लोराईडचं आम्ल. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शील यांनी १७७१ मध्ये फ्लोरस्पार नावाच्या खनिजापासून ते मिळवलं आणि काचेचं भांडंच त्याने खाल्लं जातं, हे पाहिलं. हे खनिज आपल्या विदर्भातही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला त्याचे साठे नोंदलेले आहेत.

बाजारात ‘ग्लास एचिंग क्रीम’ या नावाने जी दाट पेस्ट मिळते, तिच्यात याच फ्लोराईडचे क्षार असतात. जिथे क्रीम लागतं तिथे काचेचा अगदी वरचा पापुद्रा खाल्ला जातो. गुळगुळीत काच तेवढ्यापुरती खरबरीत होते आणि उजेड तिथे विखुरतो. म्हणून ती जागा दुधी दिसते. हा रंग नव्हे, त्यामुळे तो घासून जात नाही. आणि चूक झाली तर ती पुसताही येत नाही!

साहित्य

साध्या काचेचे ग्लास किंवा बरण्या, बाहेरून सपाट असलेल्या. गॅसवर किंवा ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेट काच घेऊ नका, तिच्यावर हे क्रीम नीट उठत नाही. प्लॅस्टिकवर तर अजिबात नाही.

नावाचा स्टेन्सिल. यासाठी कुठेही शोधत फिरायची गरज नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर अक्षरं लावून देणारा रेडियमवाला प्रत्येक गावात असतो. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर अक्षरं कापायची मशीन असते.

एचिंग क्रीमची सीलबंद, लेबल असलेली बाटली. हस्तकलेचं सामान ठेवणाऱ्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते.

नायट्राइलचे जाड हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना कुर्ता, पाय झाकणाऱ्या चपला किंवा बूट.

मास्किंग टेप, व्हिनेगर, स्वच्छ सुती कापड, जुनं एटीएम कार्ड, आइस्क्रीमच्या काड्या, प्लॅस्टिकचा टब आणि भरपूर पाणी.

रेडियमवाल्याला काय सांगायचं?

आपल्याला अक्षरं चिकटवायची नाहीत. अक्षरांच्या जागा मोकळ्या असलेला कागद चिकटवायचा आहे. ‘‘अक्षरं काढून टाका, बाहेरचा भाग ठेवा,’’ असं स्वच्छ सांगा, नाहीतर तो सवयीने उलटं करून देतो. नावाभोवती चारही बाजूंना दोन-दोन बोटं कागद जास्त ठेवायला सांगा.

आपल्या लिपीची एक गंमत आहे. शिरोरेषेमुळे सगळं नाव एकत्र धरलेलं राहतं. पण व, ब, प, भ यांच्या पोटात बंद जागा असते. कापताना त्या पोटातला तुकडा सुटा होतो. तो हरवला तर ‘व’चा नुसता ठिपका होतो. म्हणून वरून चिकटणारा ट्रान्सफर टेप लावून घ्या, म्हणजे सगळे तुकडे आपापल्या जागी राहतील. अक्षर फार बारीक नको. साध्या ग्लाससाठी पाऊण ते एक इंच उंची छान दिसते.

आणि कापायच्या आधी नाव स्वतः दोनदा वाचा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, काना-मात्रा तपासा. मी एकीचं नाव ‘सुनिता’ करून दिलं, तर तिच्या शिक्षिका असलेल्या आईने मला ते वर्षभर ऐकवलं.

कृती

१. ग्लास आधी साबणाने धुवा, मग व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. आपल्या वऱ्हाडात हे फार महत्त्वाचं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा सगळ्यांना माहीत आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढुरका थर काचेवर नकळत बसलेला असतो. तो राहिला तर अक्षर कुठे उठतं, कुठे नाही. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका, बोटाचं तेलही आड येतं.

२. स्टेन्सिल मधून सुरू करून दोन्ही कडांकडे दाबत चिकटवा. एटीएम कार्डाने हवा काढा. अक्षरांच्या कडा नखाने दाबून घ्या. कड जिथे उचललेली राहते, तिथूनच क्रीम आत शिरतं आणि अक्षर फिसकटतं. ट्रान्सफर टेप हळूच काढा. स्टेन्सिलच्या भोवती मास्किंग टेप लावून बाकीची काच झाका.

३. आता मोजे, चष्मा घाला आणि मगच बाटली उघडा. काम उघड्यावर करा, वारा आपल्या अंगावर येणार नाही असं बसा. बंद खोलीत कूलर लावून हे करायचं नाही. कूलरच्या झोताने कागद उडतात ते वेगळंच, पण वासही खोलीत कोंडतो.

४. आइस्क्रीमच्या काडीने क्रीमचा जाड थर द्या. मेंदी लावतो तसा दाट, काच दिसायला नको. धातूचा चमचा वापरू नका. बाटलीवर लिहिली असेल तेवढी मिनिटं थांबा. काही क्रीमला पाच मिनिटं लागतात, काहींना पंधरा-वीस. अंदाज नको, घड्याळ लावा.

५. उरलेलं क्रीम काडीने हलकेच खरवडून बाटलीत परत घाला, ते पुन्हा वापरता येतं. ग्लास टबात भरपूर पाण्याखाली धुवा. हे काम मोरीत, भांड्यांच्या ढिगाशेजारी किंवा चिनी मातीच्या बेसिनमध्ये करू नका. त्याची चकाकी जाते.

६. ओल्या काचेवर अक्षर दिसतच नाही. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, सगळं वाया गेलं. घाबरू नका, आणि घाईने स्टेन्सिलही काढू नका. आधी ग्लास कोरडा करून पाहा. अक्षर फिकं वाटलं तर स्टेन्सिल जागेवर असतानाच दुसरा थर देता येतो. एकदा काढला की पुन्हा त्याच जागी बसत नाही.

७. स्टेन्सिल काढून ग्लास साबणाने दोन-तीनदा धुवा. झालं!

नाव नेहमी बाहेरच्या बाजूने, आणि ओठ लागतात त्या काठापासून दोन बोटं खाली. भांड्याच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी किंवा लोणचं लागतं, तिथे कधीच नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा स्टेन्सिलचा गोंद पातळ होऊन काचेवर राहतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका. डिसेंबरच्या थंडीत उलट होतं, क्रीम सावकाश काम करतं. तेव्हा दुपारचं ऊन बरं.

आता माझी चूक

पहिल्या वेळी मी क्रीम घेतलं नव्हतं. ‘‘क्रीम कायले घेता बाई, हे घ्या काचेचं अ‍ॅसिड, स्वस्त पडते,’’ म्हणून एका दुकानदाराने प्लॅस्टिकच्या बाटलीत सुटं काहीतरी दिलं. लेबल नाही, नाव नाही. मला वाटलं, संडास धुवायचं अ‍ॅसिड आपण वापरतोच की! हातात भांडी घासायचे पातळ मोजे होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाशी मोज्याला बारीक भोक होतं, ते मला दिसलं नाही.

काम झालं तेव्हा काहीच झालं नव्हतं. आग नाही, फोड नाही. रात्री जेवणं आटोपली आणि बोट ठणकायला लागलं. मध्यरात्री तर नखाखाली कुणी सुई टोचतंय असं वाटू लागलं. वरून बघितलं तर नुसती लाली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘बाटलीवर काय लिहिलं होतं?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. काचेवर अक्षरं काढत होते, असं सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बोट वाचलं, पण नख पूर्ववत व्हायला काही महिने गेले.

नंतर समजून घेतलं ते असं. बाकीची अ‍ॅसिडं लगेच भाजतात, म्हणून आपण लगेच हात धुतो. फ्लोराईडचं आम्ल पातळ असेल तर कित्येक तास दुखत नाही. तोवर ते कातडीतून आत जातं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. मोठ्या भागावर सांडलं तर हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. उपाय म्हणजे ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याने धुणं, आणि दवाखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावणं. हळद, टूथपेस्ट, तूप असले घरगुती उपाय करत बसू नका. दुखत नसलं तरी जा, आणि जाताना बाटली सोबत न्या. ‘फ्लोराईड लागलंय’ हे दोन शब्द डॉक्टरांना सांगा. डोळ्यात गेलं तर पाण्याची धार सोडत १०८ ला फोन करा.

सुटं अ‍ॅसिड कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नका. अ‍ॅसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे, की विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवल्याशिवाय आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय अ‍ॅसिड विकू नये, अठरा वर्षांखालच्यांना तर नाहीच. बिनालेबलची बाटली देणारा माणूस आपला पैसा वाचवत नसतो.

क्रीम त्या मानाने सौम्य असलं, तरी ते विषारीच. लहान मुलं आसपास असताना, पोटुशी बाई घरात काम करत असताना ते काढू नका. वापरून झालं की कुलपात. रिकामी बाटली धुऊन तेल-मसाल्याला वापरायची आपली सवय आहे, ती इथे चालणार नाही.

क्रीम नको असेल तर

घरात रांगतं मूल असेल, तर मी म्हणेन क्रीमच्या वाटेला जाऊच नका. दोन मार्ग आहेत. पहिला, रंगाच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर. त्याच्यावरची कणी काचेपेक्षा कठीण असते. जाड रेडियमचा स्टेन्सिल चिकटवायचा, पेपर पाण्यात भिजवून छोट्या गोल हाताने घासायचं. फोटोफ्रेमची सपाट काच यासाठी उत्तम. वेळ लागतो, कडा क्रीमइतक्या रेखीव येत नाहीत, पण कोणतंही रसायन नाही. दुसरा मार्ग, हिऱ्याची कणी बसवलेलं पेन किंवा छोटी मशीन. स्टीलवर नाव टाकायच्या मशीनची ही चुलत बहीणच. काच ओली ठेवायची, तोंडाला मास्क लावायचा, कारण काचेची भुकटी श्वासात जाता कामा नये. टफन केलेल्या काचेवर मात्र मशीन टेकवू नका. ती एका क्षणात चुराडा होते.

चार पैसे मिळवायचे तर

ग्लासपासून सुरुवात झाली की बायकांना पुढचं सुचतंच. रुखवतात ठेवायला वधू-वरांच्या नावाची बरणी. महालक्ष्मीच्या पुढे ठेवायला काचेचा दिवा. भुलाबाईच्या खिरापतीसाठी झाकणाची बरणी, आत काय आहे ते ओळखायला लावायचं असेल तर ती पूर्णच दुधी करा! दारावरची नावाची पाटी, ज्यावर आता नवरा-बायको दोघांचीही नावं लोक मागतात.

पण पैसे घेताना आपला हात अडतो. ‘घरचीच आहे, तिच्याकडून काय घ्यायचे’ असं म्हणत आपण सामानाचाच खर्च सांगतो. जरा कागदावर मांडून पाहा. समजा ग्लास ४५ रुपयांना पडला, स्टेन्सिल १५, क्रीम ५, खोका आणि कागद १०. झाले ७५. दहात एक ग्लास बिघडतोच, त्याचा भार उरलेल्या नऊंवर साधारण ७ रुपये. झाले ८२. दहा ग्लासना तुमचे चार तास गेले आणि तासाला तुम्ही स्वतःला ७५ रुपयेच धरले, तरी प्रत्येक चांगल्या ग्लासमागे ३३ रुपये. म्हणजे ११५. तोच ग्लास सत्तर-ऐंशीला दिला तर तुम्ही चार तास फुकट राबून वर पदरचे घातले. सव्वाशे सांगायला लाजू नका. तुमच्या गावातल्या भावाप्रमाणे आकडे बदला, पण वेळेचा रकाना कोरा ठेवू नका. आणि एक, ऑर्डर घेताना नाव कागदावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. काना-मात्रेची भांडणं त्याने टळतात.

एका अक्षराची गोष्ट

त्या संक्रांतीला मी एकवीस नावांची यादी घेऊन रेडियमवाल्याकडे गेले. सवयीने प्रत्येक नावापुढे ‘सौ.’ लिहिलं होतं. तो पोरगा म्हणाला, ‘‘काकू, एवढ्याशा ग्लासवर सौ. टाकलं तर नाव बारीक येते. नुसतं नाव टाकू का?’’ मी म्हटलं, टाक. दोन पैसे वाचले आणि अक्षर मोठं आलं.

घरी येऊन यादी पुन्हा पाहिली, तेव्हा लक्षात आलं. ‘सौ.’ गेल्यावर ही यादी कुणाचीही होऊ शकत होती. सासूबाई सहा वर्षांपासून हळदी-कुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसतात. मीही कधी ‘बाहेर या’ म्हटलं नव्हतं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवरच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ती बातमी मी पेपरात वाचली होती, चांगलं झालं असं म्हणून पान उलटलं होतं. आपल्याच घरातली आतली खोली मला तेव्हा दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाविसावं नाव कापायला दिलं. सासरचं नव्हे, माहेरचं. लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. घरातल्या स्टीलवर सासऱ्यांचं नाव, पितळेवर मामांचं. दर्यापूरकडच्या त्यांच्या भावजयीला फोन करून जुनं नाव विचारलं, तर त्यांनाही आठवायला दोन मिनिटं लागली.

हळदी-कुंकवाच्या संध्याकाळी त्यांना आधी बाहेरच्या खोलीत बसवलं. ‘‘मी कायले बाहेर येऊ व?’’ म्हणत होत्या. ग्लास हातात दिला. त्यांनी चष्मा वर-खाली केला, ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. मग पितळी गुंडावर फिरवतात तसं अक्षरांवरून बोट फिरवलं.

‘‘हे नाव तुले कोनं सांगतलं?’’

मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. आलेल्या बायकांपैकी दोघीतिघींना जरा अवघडल्यासारखं झालं, हे मला दिसत होतं. एकीने तर वाण न घेताच निघायचं केलं. पण मग गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर काकू पुढे झाल्या आणि सासूबाईंच्या हातावर तीळगूळ ठेवला. बाकीच्या त्यांच्या मागे आल्या. ती एक मात्र आलीच नाही, आणि अजूनही आमच्याकडे फारशी येत नाही. तिचा ग्लास माझ्या फडताळात ठेवला आहे. नाव टाकलेलं आहे, दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

सासूबाई त्या ग्लासमधून पाणी पीत नाहीत. ‘‘फुटंल,’’ म्हणतात. देवघराच्या कोनाड्यात ठेवला आहे. मागच्या महिन्यात नातीने विचारलं, ‘‘आजी, हे कुणाचं नाव?’’

‘‘माह्यं,’’ त्या म्हणाल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा वाण ठरवाल तेव्हा यादी एकदा नीट बघा. कुणाचं नाव राहिलं तर नाही ना? आणि हातमोजे घालायच्या आधी त्यात पाणी भरून पाहा. भोक असेल तर ते तिथेच कळतं.